बर्फ नसताना केदारकंठावर जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तराखंडातील हिमवृष्टी लांबल्याच्या बातम्या अलीकडे जवळपास दर हिवाळ्यात येतात आणि त्या बहुधा पर्यटनाच्या अंगाने लिहिलेल्या असतात : हॉटेलांची आरक्षणे रद्द झाली, स्पर्धा पुढे गेल्या, पर्यटकांचा हिरमोड झाला. त्यात खोटे काही नाही. परंतु २०१३ पासून दर एक-दोन वर्षांनी मी छोटे गट घेऊन उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकंठ या शिखराच्या ट्रेकला जात आले आहे आणि गेल्या काही वर्षांत तिथे जे पाहिले, त्यावरून एक विनंती जाहीरपणे मांडावीशी वाटते. ज्या आठवड्यात बर्फ पडलेला नसेल, त्या आठवड्यात महाराष्ट्रातील ट्रेक-आयोजकांनी तिथे माणसे नेऊ नयेत.

पहिल्या खेपेला सांकरी गाव सोडल्यावर तासाभरातच पायाखाली बर्फ लागला होता. जुडा का तालाब गोठलेला होता आणि तंबू ठोकण्यापूर्वी आम्हाला फावड्याने जागा मोकळी करावी लागली होती. मागच्या खेपेला त्याच वाटेवर, त्याच डिसेंबरात, खेचरांच्या पायांनी उडालेली धूळ नाकातोंडात जात होती. मुक्कामाच्या जागी तंबूंच्या आकाराचे चौकोन उमटले होते आणि त्या चौकोनांतले गवत मुळासकट निघून खालची काळी माती उघडी पडली होती. मी ती हातात घेतली, तर ती चहापत्तीसारखी बोटांतून गळाली. उन्हाळ्यात तिथे मेंढ्या चारणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी ते चौकोन पाहून एवढेच विचारले की, आता इथे गवत केव्हा येणार? मला उत्तर देता आले नाही.

हा मुद्दा आपल्याकडे फारसा कुणी मांडत नाही, म्हणून थोडा विस्ताराने लिहिते. बुग्याळांवरचे, म्हणजे वृक्षरेषेच्या वरच्या कुरणांवरचे गवत हिवाळ्यात सुप्तावस्थेत असते आणि दोन-तीन फूट बर्फ त्याच्यावर रजईसारखा पसरलेला असतो. त्या बर्फावरून शेकडो माणसे गेली तरी खालच्या मुळांना फारसा धक्का लागत नाही. बर्फच नसेल, तर तोच जमाव, तेच बूट आणि तीच सामान वाहणारी खेचरे थेट झोपलेल्या गवतावरून जातात आणि एकदा उचकटलेली माती पावसाळ्यात वाहून जाते. त्या उंचीवर गवत वाढायला उन्हाळ्याचे जेमतेम चार महिने मिळतात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांवरच्या रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली व पर्यटकांची संख्या दोनशेवर मर्यादित केली, ती ही कुरणे किती नाजूक आहेत हे ओळखूनच. बर्फाशिवायच्या हिवाळ्यात तर त्यांचे पांघरूणही गेलेले असते.

बर्फ का लांबतो, हेही समजून घ्यायला हवे. हिमालयातली हिवाळी हिमवृष्टी भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या कमी दाबाच्या वादळी प्रणालींवर, अवलंबून असते. आमच्या निफाडचे द्राक्ष बागायतदार हे कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणतात. उत्तरेत बर्फ पडल्याची बातमी आली की दोन-चार दिवसांत पारा उतरणार म्हणून ते बागेत शेकोट्यांची तयारी करतात. हे विक्षोभ एखाद्या वर्षी कमी येतात, एखाद्या वर्षी उशिरा येतात. मात्र ते वेळेवर आले तरी हवा पूर्वीपेक्षा उबदार असल्याने त्यांचा बर्फ होतोच असे नाही. दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे हवा एका अंशाने तापली की पाऊस आणि बर्फ यांच्यातली रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. केदारकंठाचे शिखर १२,५०० फुटांवर आहे, पण मुक्काम त्याच्या बरेच खाली असतात आणि नेमक्या त्या उंचीवर आता पुष्कळदा बर्फाऐवजी पाऊस पडतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले, हे इथे आठवावे.

केदारकंठाचे हे एकट्याचे दुखणे नाही. उत्तराखंडातल्याच औली या स्कीइंगच्या ठिकाणच्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा २०२३ मध्ये बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी होते आणि २०२५ मध्ये तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्याव्या लागल्या. त्याच हंगामात संपूर्ण हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते, हा २३ वर्षांतला नीचांक असल्याचे काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने नोंदवले आहे. या पर्वतरांगांतून निघणाऱ्या मोठ्या नद्यांच्या वार्षिक प्रवाहात वितळलेल्या बर्फाचा वाटा सरासरीने जवळजवळ एक चतुर्थांश असतो. डिसेंबर-जानेवारीत पडलेला बर्फ थरावर थर दाबला जाऊन उन्हाळ्यापर्यंत पुरतो; मार्चमध्ये पडलेला पाहता पाहता वितळतो. केदारकंठाच्या पायथ्याशी आम्ही ज्या घरी उतरतो, तिथल्या बाई सांगत होत्या की गावाच्या वरचा झरा आता वैशाखातच करंगळीएवढा होतो. सफरचंदाच्या झाडाला फुलोऱ्यासाठी थंडीचे ठरावीक तास लागतात, तेही भरत नाहीत. चैत्रात फुलणारा बुरांस हा लाल फुलांचा पहाडी वृक्ष त्यांच्या अंगणाबाहेर माघातच लाल झाला होता. आमच्या गटातल्या मुलींनी कौतुकाने त्याचे फोटो काढले, पण त्या बाई मात्र त्याच्याकडे काळजीने पाहत होत्या.

यावर यंत्राने बर्फ तयार करण्याचा उपाय काही जण सुचवतात. औलीत ती यंत्रे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने बसवली गेली. त्यांना भरपूर पाणी लागते आणि हवा गोठणबिंदूच्याही खाली असावी लागते. म्हणजे ज्या उबदार दिवसांत गरज असते, त्याच दिवसांत ती निरुपयोगी ठरतात. ज्या डोंगरात झरे आटत आहेत, तिथले पाणी सहलीसाठी उतारावर फवारावे, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

माझ्या विनंतीवर एक आक्षेप नक्की येईल आणि तो रास्त आहे. माणसे गेली नाहीत, तर सांकरीचे वाटाडे, खेचरवाले आणि स्वयंपाकी यांनी खायचे काय? म्हणूनच पैसे परत न घेता मार्ग बदलावा, असे माझे म्हणणे आहे. बर्फ नसेल तेव्हा कुरणांवर न चढता गटाने खालच्या गावांतच राहावे, देवदारांच्या जंगलातल्या रुळलेल्या पायवाटांनी फिरावे, मुक्काम तंबूऐवजी गावकऱ्यांच्या घरी करावा आणि ठरलेले मानधन पूर्ण द्यावे. मागच्या खेपेला तिसऱ्या दिवशी आम्ही तसेच केले. दोघे-तिघे नाराज झाले. बाकीच्यांनी चुलीपाशी बसून राजमा निवडायला मदत केली आणि त्या घराला तीन रात्रींचे भाडे मिळाले.

आयोजकांनी जाहिरातीतून ‘बर्फाची हमी’ हे शब्द काढून टाकावेत आणि मार्ग बदलण्याची अट नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहावी. आमच्या गटाने या हिवाळ्याच्या अर्जात ती पहिल्या ओळीत छापली आहे. बावीसपैकी सतरा जणांनी ती वाचूनही सही केली असून उरलेल्या पाच जणांना आम्ही पैसे परत केले आहेत.

आपली,
एक गिर्यारोहक, नाशिक