फेरलढतीत ठोसा हलका का वाटतो?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बॉक्सिंगमधल्या एखाद्या गाजलेल्या लढतीची फेरलढत झाली की क्रीडापानावर आणि दूरचित्रवाणीवरच्या समालोचनात एक वाक्य हमखास येते : 'या वेळी त्याच्या ठोशात पूर्वीचा जोर राहिला नव्हता.' आपल्या दैनिकातही ते मी अलीकडे दोनदा वाचले. ऐकायला ते पटण्यासारखे असले, तरी बहुतेक वेळा चुकीच्या माणसाकडे बोट दाखवते असे माझे मत आहे. जोर मारणाऱ्याच्या हातातून गेलेला नसतो. ठोसा कधी आणि कुठून येतो, हे समोरच्याला कळलेले असते.

फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ आणि मेक्सिकोचा हुआन मॅन्युएल मार्केझ यांच्या चार लढती या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारख्या आहेत. लास व्हेगासमध्ये 8 मे 2004 रोजी झालेल्या पहिल्या लढतीत डावखुऱ्या पॅकियाओने पहिल्याच फेरीत मार्केझला तीनदा खाली पाडले. मार्च 2008 मधल्या दुसऱ्या लढतीत मार्केझ एकदाच पडला आणि नोव्हेंबर 2011 मधल्या तिसऱ्या लढतीत एकदाही नाही. तीन, एक, शून्य हे आकडे नुसते कागदावर पाहिले तर हाताचा दम उतरत गेला असेच कोणीही म्हणेल. पण मधल्या काळात याच पॅकियाओने मे 2009 मध्ये रिकी हॅटनला डाव्या हाताच्या एका फटक्यात दुसऱ्या फेरीतच झोपवले आणि त्याच वर्षी मिगेल कोट्टोला इतके मारले की पंचांना लढत बाराव्या फेरीत थांबवावी लागली. एका माणसापुरता ओसरणारा आणि बाकीच्यांसाठी शाबूत राहणारा असा हा कोणता दम?

खरे तर मार्केझची फेरलढत पहिल्या लढतीतच सुरू झाली होती. तीनदा आपटलेला हा माणूस उरलेल्या अकरा फेऱ्यांत असा लढला की लढत बरोबरीत सुटली. पॅकियाओचा उजवा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आणि त्यामागून येणारा सरळ डावा यांची लय त्याने ओळखली. तो आपल्या डाव्या बाजूला, म्हणजे त्या डाव्या हातापासून लांब सरकू लागला, अर्धे पाऊल मागे घेऊन ठोसा हवेत जाऊ देऊ लागला आणि पॅकियाओचा तोल पुढे गेलेला असतानाच उजव्याने उत्तर देऊ लागला. पुढच्या लढती अधिक वजनाच्या झाल्या, मार्केझचे शरीरही भरले आणि मार पचवायला त्याचा उपयोग झाला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु मुख्य काम डोळ्यांनी आणि पायांनी केले होते.

तरुणपणी पत्र्याच्या शेडमधल्या एका तालमीवजा क्लबात मी दोन वर्षे हातमोजे घातले आहेत, त्यामुळे हे थोडेफार अंगावरही घेतले आहे. माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका जोडीदाराचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने फिरवलेला ठोसा, पहिल्या दिवशी मला दिसलाच नाही. तो कानाच्या वर बसला, आवाज एकदम लांब गेला आणि मी दोराला कधी टेकलो ते समजले नाही. पंधरवड्याने लक्षात आले की हूक मारण्यापूर्वी त्याचा डावा खांदा सुपारीएवढा खाली जातो. त्यानंतरही तोच हूक त्याच जागी कितीतरी वेळा लागला. पण खांदा हलताच माझी हनुवटी छातीकडे जायची, दात माउथगार्डवर आवळले जायचे, मान ताठ व्हायची आणि डोके फटक्याच्या दिशेनेच थोडे सरकायचे. दुखायचे, पण पाय जागचे हलत नसत. त्याला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिले की आपण हल्ली हळू मारतो.

त्यामागची यंत्रणा सोपी आहे. नॉकआऊट बहुधा डोके झटक्याने फिरल्यामुळे होतो, आणि बेसावध, सैल मानेवरचे डोके जितके झर्रकन फिरते तितके सावध मानेवरचे फिरत नाही. शिवाय ठोशाची ताकद हातात कमी आणि पायांत जास्त असते; जमिनीला दिलेला रेटा कंबर आणि खांद्यातून मुठीपर्यंत पोहोचायला पाय रोवायला हवा आणि समोर नेमके अंतर हवे. ते अंतर प्रतिस्पर्ध्याने चार बोटांनी जरी बदलले, तरी ठोसा एकतर पोहोचण्याआधी संपतो किंवा पुरता उलगडण्याआधीच अडतो.

अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर डिऑन्टे वाइल्डर याची उदाहरणे इथे फार बोलकी आहेत. जानेवारी 2015 मध्ये बर्मेन स्टिव्हर्न त्याच्यासमोर बाराही फेऱ्या उभा राहिला. नोव्हेंबर 2017 च्या फेरलढतीत त्याच स्टिव्हर्नला वाइल्डरने पहिल्याच फेरीत आडवे केले. म्हणजे फेरलढतीत जोर घटतो हा काही नियम नव्हे. टायसन फ्युरीला त्याने डिसेंबर 2018 मध्ये नवव्या आणि बाराव्या फेरीत पाडले, पण फेब्रुवारी 2020 मध्ये एकदाही पाडता आले नाही, आणि तेही स्वतःचे वजन 212.5 पाउंडांवरून 231 पाउंडांवर नेलेले असताना. फ्युरीने त्या रात्री त्याला सतत मागे रेटले, आणि मागे जाणाऱ्या वाइल्डरला पाय रोवायला जागाच मिळाली नाही. (रिंगमध्ये येताना घातलेल्या चाळीस पाउंडांहून जड पोशाखाने पाय गळाले, असे वाइल्डरने नंतर सांगितले. ज्याने त्याने ठरवावे.) ऑक्टोबर 2021 मध्ये तिसऱ्या लढतीच्या चौथ्या फेरीत त्याने फ्युरीला पुन्हा दोनदा लोळवले. वीस महिन्यांपूर्वी संपलेला जोर परत कुठून आला?

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. फेरलढत कोणत्या लढतीची होते? जिच्यात काहीतरी अजब घडले, तिची. अजब गोष्ट लागोपाठ दोनदा घडेल अशी अपेक्षा ठेवली, तर दुसरी खेप फिकी वाटणारच.

जोर खरोखर कमी होतो असेही प्रसंग आहेत. हात दुखावतो, वजन उतरवताना माणूस वाळून जातो, वय पायांवर येते. अँडी रुईझने जून 2019 मध्ये अँथनी जोशुआला चार वेळा खाली पाडून थक्क केले, आणि डिसेंबरच्या फेरलढतीला तो 283.5 पाउंड वजनाने, म्हणजे आधीपेक्षा साडेपंधरा पाउंड जड होऊन उतरला. पण तिथेही त्याचा हात हलका झाला होता असे मला वाटत नाही. दहा पाउंड उतरवून आलेला जोशुआ बारा फेऱ्या जॅब टाकत रिंगभर फिरत राहिला आणि रुईझ त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

म्हणून फेरलढतीचा वृत्तांत लिहिताना आपल्या प्रतिनिधींनी मार खाणाऱ्याच्या पायांकडे आणि हनुवटीकडेही जरा पाहावे, एवढीच विनंती. पॅकियाओ आणि मार्केझ यांच्या पहिल्या तीन लढतींच्या 36 फेऱ्यांत मार्केझला पॅकियाओला एकदाही खाली पाडता आले नव्हते. वयाच्या 39 व्या वर्षी, 8 डिसेंबर 2012 च्या चौथ्या लढतीत, त्याने तिसऱ्या फेरीत वरून फिरवलेल्या उजव्याने त्याला पाडले. पाचव्या फेरीत तो स्वतः पडला. सहाव्या फेरीचा शेवटचा सेकंद उरला असताना त्याचा आखूड उजवा पॅकियाओच्या चेहऱ्यावर बसला आणि पॅकियाओ तोंडावर कोसळला. मार्केझच्या मुठीने फारच थोडे अंतर कापले होते. बाकीचे अंतर पॅकियाओ स्वतःच चालून आला होता.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा