बंड्या, फॉर्म भरलास ते ठीक, आधी क्रँक पाठव

प्रिय बंड्या,

तुझी व्हॉइस नोट दोनदा ऐकली, कारण पहिल्यांदा मागं हळदीच्या सौद्याचा एवढा कालवा चाललेला की मला वाटलं तू नवीन गाडी घेतोयस. मग कळलं की घेत नाहीयेस, जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल बाहेर काढतोयस, आणि तीपण बाजारात जायला नाही, मातीतल्या रेसला पळवायला. चाळीशीपुढच्यांचा वेगळा क्लास ठेवलाय म्हणे यंदा. "उतरू का रे?" असं विचारलंस खरं पण आवाजावरनं कळत होतं की फॉर्म भरून झालाय. वहिनींचा फोन त्याच्या आदल्याच दिवशी येऊन गेलेला, त्यामुळं मला बातमी नवीन नव्हती, फक्त तू कधी सांगतोस तेवढं बघत होतो.

फोनवर हो किंवा नाही म्हणून मोकळा झालो असतो पण तू मधेच फॉर्म्युला वनच्या मोटार रेसमधला शूमाकर काढलास. आता शूमाकर काढलास म्हणजे मला लिहायलाच लागणार, तू शूमाकरवाला आणि मी त्याला टक्कर देणाऱ्या हाकिनेनवाला हे भांडण तुझ्या माडीवरच्या त्या टीव्हीपासनं चालू आहे. तू म्हणालास रिटायर झालेला शूमाकर एक्केचाळिसाव्या वर्षी परत आला आणि पोरांना दाखवून दिलं. काय दाखवलं लेका? २०१० ते २०१२, तीन वर्षं मर्सिडीजमध्ये, आणि पोडियम, म्हणजे पहिल्या तिनात नंबर, किती तर एक, वॅलेन्सियाला तिसरा. ज्याच्या नावावर सात टायटलं आणि ९१ रेसा, त्याला त्याच टीममधल्या रोझबर्गनं तिन्ही वर्षं पॉइंटमध्ये मागं टाकलं. मला हाकिनेनवाला म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता, पण नाही झाला, बघवत नव्हतं खरं सांगतो.

पण त्यातच एक गोष्ट अशी आहे जी तुझ्या उपयोगाची आहे म्हणून नीट वाच. २०१२ च्या मोनॅकोला क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे आदल्या दिवशी रेसला कोण कितवा उभा राहणार हे ठरवतात त्यात, सगळ्यात फास्ट कोण होता? तोच. वय ४३. आधीच्या रेसमधली पाच नंबरांची पेनल्टी होती म्हणून पोल, म्हणजे सगळ्यात पुढची जागा, मिळाली नाही, पण मोनॅकोच्या त्या गल्लीबोळातनं, भिंतीला मिशा घासतील एवढ्या अंतरानं, पोरांपेक्षा फास्ट तोच गेला. म्हणजे हातातला स्पीड गेला नव्हता. मग गेलं काय? माझं मत सांगतो, तू भांडशील ते भांड. त्याची सगळी कमाई होती टेस्टिंगची. त्याच्या आधीच्या फेरारी टीमचा स्वतःचा ट्रॅक आहे फिओरानोला, तिथं हा बाबा लॅपवर लॅप मारत बसायचा, आणि ब्रिजस्टोनवाले त्याच्या टीमबरोबर बसून टायर बनवायचे. तो २००६ ला घरी गेला आणि २००९ पासनं सीझन चालू असताना टेस्टिंगच बंद केलं. टायर सगळ्यांना एकच झाले, आणि २०११ ला पिरेली आले ते तर मुद्दाम लवकर झिजणारे. म्हणजे ज्या वाटेनं तो इतरांच्या पुढं जायचा ती वाटच तो घरी असताना बुजवून टाकली होती. वय वय म्हणून सगळे ओरडले, पण माझ्या मते वयानं खाल्लं थोडं आणि बाकीचं खाल्लं या असल्या गोष्टींनी.

आता वय म्हणशील तर फॉर्म्युला वनचा जुना गडी फांजिओ १९५७ ला पाचव्यांदा चॅम्पियन झाला तेव्हा ४६ चा होता, पण तो जमाना वेगळा, ते सोडून दे. घोड्यांच्या रेसमधला जॉकी लेस्टर पिगॉट बघ. १९८५ ला रिटायर झाला, टॅक्सच्या भानगडीत वर्षभर जेलमध्ये बसून आला, आणि १९९० ला ५४ व्या वर्षी परत घोड्यावर बसला ते थोड्याच दिवसांत अमेरिकेत जाऊन ब्रीडर्स कप माइल ही मोठी रेस मारून आला. तुझ्यापेक्षा मोठा होता की तेव्हा. फक्त एक आहे, त्याच्या खाली घोडा होता आणि घोडा तरुण होता! तुझ्या खाली १९९० ची आरएक्स आहे. त्यावर येतोच.

त्याआधी फॉर्म्युला वनचा लाउडा. लाउडा मला आधी कधीच आवडला नाही, कोरडा माणूस वाटायचा, पण कमबॅक म्हणजे काय ते त्यानं केलं. १९७९ ला कॅनडात प्रॅक्टिस चालू असताना गाडीतनं उतरला आणि गोल गोल फिरायचा कंटाळा आला म्हणून सरळ घरी, विमान कंपनी काढली. दोन सीझन गेले. १९८१ ला कुणाला फार न सांगता डॉनिंग्टनच्या ट्रॅकवर मॅक्लारेन टीमची टेस्ट दिली, म्हणजे बघ, दोनदा चॅम्पियन झालेला माणूस आधी जाऊन टेस्ट देतोय, मला अजून जमतंय का म्हणून. मग १९८२ ला आला आणि तिसऱ्याच रेसला, लाँग बीचला जिंकला. पण खरी गंमत १९८४ ची. टीममध्ये प्रोस्ट आला, सहा वर्षांनी लहान, आणि एका लॅपमध्ये असला फास्ट की क्वालिफायिंगला लाउडाला जवळजवळ प्रत्येक वेळी मागं टाकायचा. तू असतास तर काय केलं असतंस? डोकं फिरवून घेतलं असतंस आणि तिसऱ्या कॉर्नरला बाहेर. लाउडानं तो नादच सोडला, शनिवारी प्रोस्ट पुढं तर पुढं, आपण रविवारच्या रेसचं सेटिंग करायचं. प्रोस्टनं सात रेसा जिंकल्या, यानं पाच, आणि टायटल याचं! ७२ विरुद्ध साडेएकाहत्तर. तो अर्धा पॉइंट कुठनं आला तर मोनॅकोला धो धो पाऊस पडून रेस मधेच थांबवली म्हणून सगळ्यांना अर्धेच पॉइंट दिले होते. शेवटची रेस एस्टोरिलला, हा अकरावा उभा होता, एकेकाला गाठत दुसरा आला, प्रोस्ट जिंकूनपण वर्ष हरला.

मला वाटतं जमलं त्याला कारण हे की तो पहिला लाउडा होऊन परत आलाच नाही. फास्ट आपण नाही हे त्यानं आधीच हिशोबात धरलं आणि जे राहिलंय त्याच्यावर धंदा केला. तू व्यापारी माणूस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळायला पाहिजे.

परत आलेले बाकीचे पटकन सांगतो. मॅन्सेल १९९४ ला ४१ व्या वर्षी ॲडलेडला जिंकला, झकास, तिथंच थांबायला पाहिजे होतं, तर १९९५ ला मॅक्लारेनमध्ये गेला आणि गाडीत मावेना, खरंच मावेना, रुंद कॉकपिटची गाडी बनवेपर्यंत पहिल्या दोन रेसा गेल्या आणि नंतर दोन पळून सोडून दिलं. (तुझं ते लेदर जॅकेट घालून बघितलंस का? चेन लागते का? फोटो पाठव.) रायकोनेन फॉर्म्युला वन सोडून दोन वर्षं रॅली करून आला आणि अबुधाबी जिंकला. अलोन्सो २०२१ ला परत आला, २०२३ ला चाळिशी उलटल्यावर आठ पोडियम काढले, जिंकलेली रेस एकही नाही तरी चेहरा बघ त्याचा. आणि आमचा हाकिनेन २००१ ला वर्षभराची सुट्टी घेतो म्हणून गेला तो फॉर्म्युला वनला परत आलाच नाही. कधीकधी वाटतं सगळ्यात शहाणा तोच.

इकडं शर्यतीच्या बैलांचं तेच झालं की. २०१४ ला बंदी आली आणि २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी दिली, मधली सात वर्षं गेली. आमच्या कोरेगाव साइडला एकाचा बैल होता, बंदीआधी फायनल सोडत नव्हता. मैदानं परत चालू झाली तेव्हा गावातली पोरं मालकाच्या मागं लागली की एकदा तरी छकड्याला जुंपा, नाव आहे त्याचं, गर्दी होईल. मालक म्हणला, नाव त्याचं आहे पण पळायचं की नाही हे त्याला विचारता येत नाही ना, मग मी कोण ठरवणार. नाही जुंपला. लाऊडस्पीकर लागला की बैल दावणीला पाय आपटायचा म्हणे. तुला निदान विचारता तरी येतंय, म्हणून विचारतो, तुला पळायचंय का तुझ्या त्या वेळच्या नावाला पळवायचंय? उत्तर मला देऊ नको, वहिनींना दे.

आता कामाचं.

पहिलं गाडी. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही गाडी तुझ्या गोडाऊनमध्ये हँडलपर्यंत बुडालेली, विसरलास का? तू वरनं धुतलीस, कार्ब साफ केलास, किक मारल्यावर चालू झाली म्हणून खूश झालास. पण बेअरिंगमध्ये शिरलेला गाळ आणि नंतर धरलेला गंज किक मारून कळत नाही, नऊ हजार आरपीएमला कळतो आणि तेव्हा मागचं चाक जाम होऊन तू हँडलवरनं पुढं. त्यामुळं इंजिन उघडल्याशिवाय थ्रॉटल मोठा करायचा नाही. क्रँक (पिस्टननं फिरणारा इंजिनातला दांडा), दोन्ही मेन बेअरिंग, ऑइल सील, बोअर-पिस्टन सगळं बघायला लागणार. ओरिजिनल पार्ट आता मिळत नाहीत, १९९६ नंतर कंपनीनं आरएक्स १०० काढलीच नाही, बाजारात ओरिजिनल म्हणून जे विकतात त्यातलं निम्मं डुप्लिकेट. तू काहीही विकत घेऊ नको, क्रँक काढ आणि एसटीच्या पार्सलनं पाठव, एमआयडीसीत माझ्या लेथवर बघतो काय राहिलंय.

आणि मेन म्हणजे त्या क्लासला आरएक्ससारखं टू-स्ट्रोक इंजिन चालतं का ते विचारलंस का? मला वाटतंय विचारलं नाहीस. नियमाचा कागद मागून घे.

दुसरं ट्रॅक. आपल्या वेळेला काय होतं, ट्रॅक्टर फिरवून सपाट केलेलं रान, टँकरनं पाणी मारलेलं, चार वळणं, संपलं. तू जिंकायचास ते स्टार्टला आणि पहिल्या कॉर्नरला बाहेरनं गाडी आडवी टाकून. आता टेबलटॉप जंप, म्हणजे सपाट माथ्याचे मातीचे उंचवटे, असतात, एकामागं एक, पोरं हवेत असताना ब्रेक-क्लच खेळवतात. आरएक्सचा पुढचा शॉकअप असल्या लँडिंगला बनवलेलाच नाही आणि तुझा डावा गुडघापण नाही. म्हणजे शूमाकरसारखंच झालं बघ, तुझी वाट बुजवलीय. जंपवर गाडी उडवायची नाही, घासत न्यायची, दोन सेकंद जातील तर जाऊ देत, मागं पोरगं असेल तर लाइन सोडायची. हे तुला जमणार असेल तर उतर. मान खाली घालून सातवा येणं जमणार असेल तर उतर. मला तुझ्या हातापायाची काळजी कमी आहे आणि या गोष्टीची जास्त आहे, कारण १९९८ च्या त्या फायनलला दुसरा आलास तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलला नव्हतास.

तिसरं तू. बीपीची गोळी चालू आहे म्हणजे टीएमटी आणि टूडी इको या हृदयाच्या तपासण्या झाल्याशिवाय नाही, डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की रेस करतोय, "थोडा व्यायाम" असं गुळमुळीत सांगायचं नाही. रेसिंगमध्ये हार्टरेट काय होतो हे बाहेरच्याला कळत नाही, बसून असतो गडी मग दम कशाचा असं वाटतं. आणि हात. चार लॅप झाले की कोपरापासनं मनगटापर्यंत दगड होतो, क्लच ओढवत नाही, बोटं ब्रेक सोडत नाहीत, हे आपल्याला विशीत व्हायचं तर आता काय होईल. रोज सकाळी हरिपूर रोडला सायकल काढ, चालत गप्पा मारत जाऊ नको, सायकल. या वयात जोर लावायला एवढं अवघड जात नाही, दुसऱ्या दिवशी उठायला जातं, म्हणून एक दिवस जोर, एक दिवस नुसतं पाय हलवणं. शूमाकरचंच बघ, २००९ ला फेरारीच्या जखमी मासाच्या जागी यायचं ठरवलेलं, जाहीरपण करून झालेलं, आणि फेब्रुवारीत मोटरसायकलवरनं पडून मान दुखावलेली ती आडवी आली, यायला जमलंच नाही. त्याच्याकडं जगातले डॉक्टर होते.

जुनं हेल्मेट फेकून दे. देवघरावर ठेवलंयस तिथंच राहू दे पाहिजे तर, डोक्यात घालू नको. आतला थर्माकोल वाळून मेलेला असतो, बाहेरनं कितीपण चकाचक दिसू दे. नवीन घे, मानेला नेक ब्रेस घे, गुडघ्याचे गार्ड घे, आणि बिल वहिनींना दाखव, त्यांना तेवढंच बरं वाटेल.

बाकी मी येणार आहे. रेसच्या दिवशी नाही, आधी. पाऊस थांबू दे, रानं वाळू देत, तुझ्या मेव्हण्याच्या पडीक रानात आपण सहा लॅपची प्रॅक्टिस लावू, घड्याळ माझ्या हातात, आणि पहिल्या लॅपचा टाइम मी सांगणारच नाही. सहावा पहिल्यापेक्षा किती पडला तेवढाच आकडा मला पाहिजे. फार पडला तर फॉर्मची फी बुडाली समजायचं आणि दोघांनी मिळून तिथंच पंच म्हणून उभं राहायचं, झेंडा घेऊन, तेपण काय वाईट नाही. नाही पडला तर जेटिंग, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलचं सेटिंग, मी करतो, तू हात लावायचा नाहीस, तुला कायम लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, पळवायची हौस.

क्रँक सोमवारच्या आत पाठव, नंतर माझ्याकडं साखर कारखान्याचं काम येतंय, मग महिनाभर लेथ मोकळा नाही.

तुझाच,
सातारकर

ता.क. पार्सलमध्ये क्रँकबरोबर अर्धा किलो बेदाणा टाक, हिरवा, लांब मण्याचा. आणि दोन वेगळ्या पिशव्या कर, मागच्या वेळी सगळ्याला ग्रीसचा वास लागला होता.