कात्री मिटून ठेवायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

हे पत्र खरे तर तुमच्या हातात द्यायचे होते. पण तुमच्याकडून झाडांच्या छाटणीबद्दल जे शिकले ते केवळ माझ्या बागेपुरते राहू नये, असे वाटल्यामुळे ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. तुमचे नाव मुद्दाम घातलेले नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. तुमच्या हाताखालची झाडे ज्यांनी पाहिली आहेत ते तुम्हाला असेही ओळखतील.

तुम्ही पहिल्यांदा बागेत आलात, त्याच्या आदल्या वर्षी मी पेरूची मनगटाएवढी जाड फांदी खोडाला अगदी लगटून कापली होती. कापलेली जागा खोडाशी सपाट दिसली की काम नीट झाले, अशी माझी समजूत होती, आणि पाणी मुरू नये म्हणून वरून रंगाचा जाड थरही दिला होता. तुम्ही त्या जागेवर अंगठा दाबलात. रंगाचा पापुद्रा फुटला आणि आतले लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे खचले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या एका फांदीच्या मुळाशी माझे बोट नेऊन ठेवलेत आणि मला डोळे मिटायला सांगितलेत.

ते बोटाला झालेले ज्ञान मी आयुष्यभर विसरणार नाही. फांदी खोडातून जिथे फुटते तिथे वरच्या बाजूला सालीची एक खरखरीत घडी लागली, आणि खालून बोट फिरवत आणल्यावर एक हलका फुगवटा जाणवला, मनगटात घट्ट बसलेल्या कड्यासारखा. त्या फुगवट्यापलीकडे फांदी एकदम सडपातळ आणि गुळगुळीत झाली. "ही कॉलर," तुम्ही म्हणालात, "ही खोडाची आहे, फांदीची नाही. करवत नेहमी हिच्या बाहेर." मी वर्षभरापूर्वी ती कॉलरच कापून टाकली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

त्यामागचे कारण तुम्ही मला इतक्या साध्या शब्दांत सांगितलेत की ते इथे पुन्हा लिहावेसे वाटते. माणसाच्या जखमेत नवी कातडी येऊन जुनी जागा भरून निघते. झाडाचे तसे नसते. झाड बिघडलेले लाकूड दुरुस्त करत नाही, ते त्याच्याभोवती आतून भिंती उभारून त्याला तिथेच कोंडते आणि बाहेरून नव्या लाकडाची व सालीची कड वाढवत जखम झाकून टाकते. अमेरिकेच्या वन विभागात संशोधन करणारे अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून लाकडातली कूज नेमकी कुठे थांबते ते पाहिले आणि १९७७ साली ही कोंडण्याची क्रिया चार भिंतींच्या रूपात मांडून दाखवली. फांदीच्या बाबतीत कूज अडवणारा पट्टा कॉलरच्या आतच उभा राहतो. कॉलर कापली की झाडाचा तटच पडतो आणि कूज थेट खोडात उतरते. उलट कॉलरच्या बाहेर लांब खुंटी ठेवली, तर ती वाळते, कुजते आणि सालीची कड तिच्यावरून पुढे सरकू शकत नाही. म्हणजे योग्य जागा अशी एकच, आणि ती प्रत्येक फांदीवर झाडाने स्वतः दाखवून ठेवलेली असते. रंगाबद्दलही त्याच दिवशी माझे डोळे उघडले: असे लेप कूज थांबवत नाहीत, उलट पुष्कळदा ओल आत धरून ठेवतात, नीट कापलेली जागा उघडी राहिलेलीच बरी.

जड फांदी तीन कापांत उतरवायची, हे तुम्ही आंब्यावर करून दाखवलेत. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, आरपार. फांदी स्वतःच्या वजनाने खाली आली आणि तिच्याबरोबर सोलली जाणारी साल पहिल्या कापापाशी येऊन थांबली. मग उरलेली खुंटी एका हाताने धरून, घाई न करता, कॉलरच्या बाहेरून तिसरा काप. वरून एकाच दमात कापलेली फांदी खोडाची हातभर साल सोलून नेते, हे मी याआधी एकदा पाहिले होते. ते का घडते हे मात्र त्या दिवशी कळले. शिडीवर उभे राहून डोक्यावरची करवत चालवायची नाही, आणि विजेच्या तारेजवळची फांदी आपली नव्हेच, हा तुमचा दंडकही मी आजवर मोडलेला नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती म्हणजे थांबणे. पहिला महिनाभर तुम्ही मला काही कापूच दिले नाही. प्रत्येक झाडाभोवती दोनदा फिरायचे, एकदा जवळून आणि एकदा लांबून, आणि एखादी फांदी का काढायची हे मोठ्याने सांगायचे. कारण सांगता आले नाही तर कात्री मिटून खिशात. मेलेली, मोडलेली, रोगट आणि दुसरीला घासणारी फांदी आधी काढायची, आणि त्यानंतर पुन्हा मागे सरून पाहायचे. बहुतेक वेळा काम तेवढ्यातच संपलेले असते. पाने हाच झाडाच्या पोषणाचा आधार असल्यामुळे एका वर्षात जिवंत पालवीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढू नये, आणि झाड म्हातारे किंवा आजारी असेल तर त्याहूनही बरेच कमी, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलेत की आता तो हिशेब डोळेच करतात.

झुडपांच्या बाबतीत माझी चूक वेगळी होती. जास्वंदीचे शेंडे दर थोड्या दिवसांनी वरून सरळ रेषेत कापून टाकायचे, हीच माझ्या लेखी निगा होती, आणि झुडूप वर दाट, आत बिनपानांचे व काटक्यांनी भरलेले का होते ते कळत नव्हते. तुम्ही शेंड्याचे काम समजावलेत. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन, म्हणजे वाढीचे संप्रेरक, खाली उतरत असते आणि त्यामुळे खालचे डोळे, म्हणजे फुटव्यांचे कोंब, झोपलेले राहतात. १९३३ साली थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी शेंडा खुडलेल्या रोपाला तेच द्रव्य लावून हे दाखवून दिले होते. शेंडा गेला की त्याच्या लगतचे डोळे एकदम जागे होतात. म्हणून सगळे शेंडे एकाच उंचीवर मारले तर सगळी वाढही त्याच उंचीवर दाटते आणि आत उजेड पोहोचत नाही. त्याऐवजी तीन-चार जुन्या काठ्या बुडापासून काढल्या की झुडूप मोकळे होते आणि तळातून नवे फुटवे येतात. मी हे केले त्या हंगामात जास्वंद आतल्या फांद्यांवरही फुलली. शेंडा खुडणे आणि विरळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जर मला आधीच कोणी सांगितले असते, तर कितीतरी झुडपे वाचली असती.

गुलाबावर तुम्ही मला डोळा ओळखायला लावलात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या वर पाच-सहा मिलिमीटर जागा सोडायची आणि काप डोळ्याच्या उलट दिशेला किंचित उतरता ठेवायचा, म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि झुडपाचे पोट मोकळे राहते. कात्री धरतानाही धारेचे पाते झाडाच्या बाजूला आणि बोथट आकडा पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला, कारण चेचला जायचा तो भाग टाकाऊ असायला हवा. इतकी बारीक गोष्ट एवढ्या आस्थेने सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, जागेच्या खालून जो जोमदार फुटवा येतो तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम केले त्या मूळ रोपाचा असतो, तो वरून छाटला तर आणखी जोराने येतो, म्हणून माती सारून मुळापाशी ओढून काढायचा, हेही त्याच दिवशी शिकले. तोपर्यंत मी त्या फुटव्यांनाच सर्वांत निरोगी समजून जपत होते.

मग प्रश्न आला वेळेचा. हायड्रेंजियाच्या एका झुडपाला तीन वर्षे फूल आले नव्हते आणि मी दर वर्षी अधिक खत घालत होते. तुम्ही एवढेच विचारलेत की छाटणी कधी करता. मोठ्या पानांच्या त्या जातीच्या कळ्या गेल्या हंगामाच्या काडीवर आधीच तयार होऊन बसलेल्या असतात आणि मी त्या नेमाने कापून टाकत होते. जास्वंद, बोगनवेल आणि पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब नव्या वाढीवर फुलतात, म्हणून त्यांना बहराआधी छाटले तरी चालते. जुन्या काडीवर फुलणाऱ्यांना बहर ओसरल्याबरोबर. आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या शेंड्यांवर येतो, तेव्हा त्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच, म्हणजे नव्या पालवीला पिकायला अवधी मिळतो. आता कोणतेही नवे रोप आले की मी पहिले वर्ष फक्त ते कोणत्या काडीवर फुलते हे पाहते.

एका बाबतीत मात्र तुमचा आवाज चढलेला मी ऐकला आहे, आणि मला तो पूर्णपणे पटतो. उंच झाडाचा माथा सरसकट उडवण्याला जे लोक छाटणी म्हणतात, त्यांनी दोन वर्षांनी ते झाड पुन्हा पाहावे. कापलेल्या प्रत्येक टोकाशी पाणसोटांची, म्हणजे सरळ वर धावणाऱ्या जोमदार फुटव्यांची, झुंबड उडालेली असते. ते आतल्या लाकडातून नव्हे तर वरवरच्या थरांतून फुटलेले असल्याने जाड झाल्यावर वाऱ्यात निखळतात, आणि दरम्यान माथ्यातून कूज खाली सरकत असते. ज्या भीतीपोटी झाड कापले, तीच भीती अशाने वाढते. उंची कमी करायचीच असेल तर प्रत्येक फांदी मागे एखाद्या उपफांदीपर्यंत आणावी, आणि ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी. हे काम वेळखाऊ आहे, पण झाड झाडासारखे राहते.

बाकीच्या कितीतरी गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्यात: कुंपणाची मेंदी तळाशी रुंद आणि वर अरुंद ठेवावी, म्हणजे खालची पाने उन्हाला मुकत नाहीत, पालापाचोळ्याचे आच्छादन खोडाला टेकवू नये, पाणी बुंध्याशी नव्हे, आळ्याच्या कडेला द्यावे, रोगट फांदीनंतर पाती सत्तर टक्के अल्कोहोलने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नयेत. त्या सगळ्या मी पाळते.

काका, तुम्ही यातले काही सांगण्यास बांधलेले नव्हता. स्वतःच्या विश्रांतीचा दिवस मोडून तुम्ही येत राहिलात, माझ्या हातात करवत देऊन बाजूला उभे राहिलात, आणि मी चुकीच्या जागी पाते टेकवले की फक्त "बोट लावून पाहा" एवढेच म्हणालात. ज्ञान असणारे पुष्कळ असतात. शिकणाऱ्याच्या हाताला स्वतःहून जागा सापडेपर्यंत वाट पाहणारे फार थोडे. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

पेरूची ती जुनी जखम आतून पोकळ झाली आहे, ती तशीच राहील. झाड तिच्यासकट उभे आहे आणि फळतेही आहे. पण तुमच्यासमोर मी त्याच झाडावर कॉलर राखून कापलेली पहिली फांदी तुम्हाला आठवत असेल. त्या जागेभोवती आता चहूबाजूंनी सारखी, गोल, तुकतुकीत कड आली आहे आणि मधोमध अंगठ्याच्या नखाएवढेच लाकूड उघडे उरले आहे. पुढच्या पालवीपर्यंत ते झाकले जाईल असे दिसते. तेव्हा एकदा या. मला तुमचे बोट त्या जागेवर ठेवायचे आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी