भाव पडला तरी पगार तेवढाच

मा. संपादक,

मेथी-कोथिंबीर स्वस्त झाली की 'गृहिणींना दिलासा' अशी बातमी येते, बरं वाटतं वाचून, पण उपटायला आलेल्या बायकांचा पगार त्या दिवशी काय कमी होत नाही हो. मेथी महिन्याभरात काढायला येते म्हणून अर्धा-एक एकरवाला तिच्यावरच घर चालवतो, आणि अडचण पण तिथंच, तयार माल चार दिवस थांबत नाही, फूल धरलं की संपलं. उपटायची, माती झाडायची, पेंढ्या बांधायच्या, टेम्पोत भरायच्या, हा सगळा खर्च मार्केटातल्या लिलावात सौदा निघायच्या आधीच झालेला असतो, मग शेकडा म्हणजे शंभर पेंढ्यांना जो भाव निघेल तो गप घ्यायचा. गोव्याची गाडी भरली तर ठीक, गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटात रस्ता अडला की माल पडूनच. केंद्राचा हमीभाव 22 पिकांना, त्यात पालेभाजी एकसुद्धा नाही, आणि ते सोपं पण नाही हे आम्हाला कळतं. निदान मार्केटात एक छोटी कोल्ड रूम तरी द्या, आणि लिलावाचे भाव कन्नडबरोबर मराठीतून पण रोज बोर्डावर लावा. अडत म्हणजे दलालाचं कमिशन कापून चिठ्ठी हातात आल्यावर भाव कळतो, ही काय पद्धत झाली?

- एक भाजीवाला शेतकरी, कडोली भाग, बेळगाव