आईला लुगडे नेसवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आषाढात अंगणाच्या पायरीवरून घसरून आईचे उजव्या खुब्याचे हाड मोडले, त्याला आता सहा महिने झाले. मांडीच्या हाडात सळई आणि स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया चोख झाली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु हाड सांधले म्हणजे माणूस चालू लागत नाही, हे आम्हाला कोणीच सांगितले नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘चालण्याचा सराव’ एवढेच दोन शब्द होते. पायावर भार किती द्यायचा, असे विचारले तेव्हा ‘शहात्तराव्या वर्षी आणखी काय अपेक्षा ठेवता?’ असे उत्तर मिळाले. आणि पुढे घरी येऊ लागलेले गृहस्थ शेकाचे यंत्र लावून दहा मिनिटांत निघून जात. महिनाभर आई खाटेला खिळून राहिली आणि तिची मांडी आमच्या डोळ्यांदेखत वाळत गेली.

श्रावणात आपण फिजिओथेरपीसाठी प्रथम आलात, तेव्हा ती वॉकरला हात लावायलाही तयार नव्हती. दुखते म्हणून ती हट्ट करते, असे आम्ही धरून चाललो होतो. आपण आम्हाला बाहेर थांबायला सांगून तिच्या खाटेवर बसलात, आणि अर्ध्या तासाने आम्हाला कळले, की जन्मभर नऊवारी नेसलेल्या माझ्या आईला गाउनमध्ये परक्यांसमोर उभे राहण्याची लाज वाटत होती. तिचा मुलगा असून मला ते दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी आपण स्वतः तिला लुगडे नेसवलेत. जखमेच्या बाजूला गाठ येऊ दिली नाहीत, वॉकरच्या पायात काठ अडकू नये म्हणून तो घोट्याच्या चार बोटे वर घेतलात, आणि जमिनीवर गुडघे टेकून निऱ्या सारख्या केल्यात. त्या दिवशी आई आठ पावले चालली.

खुब्याच्या बाजूचा स्नायू दुबळा राहिला तर त्या पायावर उभे राहताना कंबर दुसरीकडे झुकते आणि चाल लंगडी होते, हे आपण तिला समजेल अशा भाषेत सांगितलेत. म्हणूनच पाय बाजूला नेण्याचा कंटाळवाणा व्यायाम तिने एकही दिवस चुकवला नाही. कौशल्य आम्हाला आधीही भेटले होते. खाटेवरच्या म्हातारीलाही मान असतो, हे जाणणारे माणूस मात्र आपल्या रूपाने भेटले, आणि अशी माणसे आहेत म्हणूनच आजारपण सोसवते.

आईला अजून मांडी घालून बसता येत नाही. तरी रोज सकाळी डाव्या हातात काठी घेऊन ती एकटी तुळशीला पाणी घालायला जाते आणि त्याच पायरीवर ‘उतरताना दुखरा पाय आधी’ असे मोठ्याने म्हणते. यंदाचा तिळगूळ तिने स्वतः वळला आहे. आपल्या दवाखान्याचा जिना स्वतः चढून तो आपल्या हाती द्यायचा, असे तिने ठरवले आहे. आपल्याला सोयीचा दिवस कृपया कळवावा.

आपला कृतज्ञ,
आपल्या आजींचा मुलगा