मंत्रिमहोदय, ‘सर्व कुटुंबांशी संपर्क होता’ हे निवेदन मागे घ्या

मा. मंत्रिमहोदय,
गोवा शासन.

सा. न. वि. वि.

परवाच्या पेपरात तुमचं निवेदन वाचलं. आखातातल्या त्या निवासी इमारतीच्या आगीत सापडलेल्या गोमंतकीयांच्या ‘सर्व कुटुंबांशी सरकार पहिल्या तासापासून संपर्कात होतं’ असं तुम्ही म्हणालात. मी त्यातल्याच एका कुटुंबातली. माझा धाकटा भाऊ त्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहायचा. आमच्याशी पहिल्या तासात कोणी बोललं नाही, पहिल्या दिवशी नाही, आणि शेवटी जी बातमी आली तीही सरकारकडून आली नाही. शहराचं नाव इथे लिहीत नाही. तिथे चौकशी चालू आहे, भरपाईचा दावा व्हायचा आहे, आणि नाव जाहीर करू नका असं वकिलांनी बजावलंय. कुठली आग ते तुम्हाला ठाऊक आहे.

पहाटे त्याच्या खोलीतल्या केरळच्या मित्राचा फोन आला. तो रात्रपाळीला होता म्हणून वाचला. ‘बिल्डिंगला आग लागलीय, भाई फोन उचलत नाही,’ एवढंच तो हिंदीत सांगू शकला. त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते मला तुम्हाला सांगायचंय, कारण तुमच्या निवेदनात त्याला जागा नव्हती.

टीव्हीवर तीच ती दृश्यं फिरत होती. आई उठून टीव्हीजवळ गेली आणि बोटाने मजले मोजू लागली. सहाव्याच्या वर नुसता धूर होता. ती पुन्हा खालून मोजायची, पुन्हा सहावर अडायची. शेवटी बाबांनी टीव्ही बंद केला, तर तिने तो परत लावला. भावाच्या बायकोने त्याला रात्री पाठवलेल्या मेसेजला एकच टिक होती. मुलगी शाळेत जायला तयार होऊन उभी होती, तिला काय सांगायचं ते कोणालाच सुचत नव्हतं. वाड्यावरची माणसं अंगणात जमली. कोणी चहा करत होतं, कोणी आपल्या गल्फमधल्या भाच्याला फोन लावत होतं. त्या दिवशी आम्हाला जे काही कळलं ते या माणसांमुळे.

तुमच्या लोकांनी जाहीर केलेला हेल्पलाइनचा नंबर आम्ही लावला नाही असं समजू नका. लागला की दर वेळी नवा माणूस. नाव सांगा, वडिलांचं नाव सांगा, पासपोर्ट नंबर सांगा, तिथल्या ओळखपत्राचा नंबर सांगा. आमच्याकडे ट्रंकेत त्याच्या जुन्या पासपोर्टची झेरॉक्स होती. नवा त्याने तिकडेच काढला होता. ‘जुना चालणार नाही’ म्हणाले. अहो, नवा पासपोर्ट त्याच्याजवळ आहे आणि तो नवव्या मजल्यावर आहे, आणायचा कुठून? ‘नोंद घेतलीय’ म्हणून फोन ठेवायचे आणि पुढच्या वेळी त्या नोंदीचा पत्ता नसायचा. इथल्या ज्या कार्यालयाकडे आम्हाला पाठवलं गेलं, तिथे मी स्वतः गेले. साहेब मीटिंगला होते. समोरच्या कर्मचाऱ्याने अर्जाचा नमुना पुढे केला. त्यात ‘तक्रारीचे स्वरूप’ असा रकाना होता. मी तिथे काय लिहायला हवं होतं, ते आज तुम्हीच मला सांगा.

यापुढचं लिहिताना आजही हात कापतो. त्या रात्री उशिरा हेल्पलाइनवरून सांगितलं गेलं की त्याचं नाव इस्पितळाच्या यादीत आहे, प्रकृती स्थिर आहे. आईने देवासमोर समई लावली. त्याची बायको दिवसभरात पहिल्यांदा चार घास जेवली. बाबा पहाटेच देवळात गेले, गाऱ्हाणं घातलं, प्रसाद घेतला, उजवा झाला म्हणजे देवाने शुभ कौल दिला, तसे ते वाटेत भेटेल त्याला सांगत आले. आणि दुपारी मीच पुन्हा फोन केला तेव्हा समजलं की तो त्याच नावाचा दुसरा माणूस, दुसऱ्या राज्यातला. ‘सॉरी मॅडम, नाव सेम होतं.’ त्यांनी आपण होऊन कळवलं नाही. मी विचारलं नसतं तर अजून किती वेळ आम्ही त्या आनंदात राहिलो असतो, कोण जाणे. बाबांना हे कोणी सांगायचं यावरून आम्ही भावंडं स्वयंपाकघरात भांडलो. शेवटी मी सांगितलं.

खरी बातमी व्हॉट्सअॅपवर आली. कोणीतरी मोबाइलवर काढलेला हाताने लिहिलेल्या यादीचा तिरका फोटो होता. त्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं, पण वडिलांचं नाव आणि गाव बरोबर. सरकारी फोन त्याच्यानंतर आला, आणि तोही बातमी द्यायला नव्हता. ओळख पटवायला रक्ताचा नमुना हवा होता. बाबांना मधुमेह आहे, शीर लवकर सापडत नाही. दोन्ही हात टोचून घेतले त्यांनी, आणि नर्सला एकच विचारलं, ‘बाय, यातून तो नाही असंही निघू शकतं ना?’

मंत्रिमहोदय, ओळख पटायला वेळ लागतो हे मला मान्य आहे. मधल्या काळात मी जगभरातल्या आगींबद्दल इतकं वाचलंय की रात्री डोळा लागत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली, आणि शेवटच्या मृतांची ओळख पटेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. हाँगकाँगला नोव्हेंबर २०२५ मध्ये ताई पो भागातले टॉवर पेटले, दीडशेहून जास्त माणसं गेली, आणि नातेवाइकांना एका सभागृहात बसून मृतांचे फोटो बघावे लागले. कुवेतच्या मंगाफमध्ये १२ जून २०२४ ला कामगारांची इमारत जळाली, त्यात आपले चाळीसहून जास्त भारतीय गेले. तिथेही डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. तेव्हा उशिराबद्दल मी भांडत नाही. ‘अजून कळलेलं नाही, संध्याकाळी सहाला मी पुन्हा फोन करीन’ एवढं सांगणारा एक माणूस आम्हाला हवा होता. सहाला फोन करून ‘अजूनही कळलेलं नाही’ असं म्हणाला असता तरी आम्ही त्याचे उपकार मानले असते. तो माणूस तुम्ही दिला नाहीत, आणि आता दिला होता म्हणून सांगता. हे दुसरं मला जास्त लागलंय.

मंगाफच्या दुसऱ्याच दिवशी केरळने मंत्रिमंडळाची तातडीची बैठक घेतली. केरळात परदेशस्थांसाठी १९९६ पासून स्वतंत्र खातं आहे. मृतदेह घेऊन हवाई दलाचं विमान १४ जूनला कोचीला उतरलं, तेव्हा त्यांचे मुख्यमंत्री विमानतळावर उभे होते. गोव्यातली माणसं आखातात जायला लागून किती पिढ्या झाल्या! माझा मामा १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथून जॉर्डनच्या अम्मानमार्गे परत आला होता, पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी आणलं त्या वेळी. म्हणजे तेव्हापासून तरी सरकारला माहीत आहे की संकट आलं की पहिली लागते ती यादी. आज माझ्या राज्यातली किती माणसं कुठल्या देशात, कुठल्या इमारतीत राहतात हे तुम्ही मला सांगू शकाल का?

सांगू शकणार नाही, आणि त्याचं कारणही मला आता कळलंय. दहावी पास झालेल्या माणसाला आखातात जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामाला परदेशी जायची सरकारी परवानगी, लागत नाही. न शिकलेला मजूर गेला तर त्याची नोंद होते, त्याचा दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो, ज्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये. माझा भाऊ दहावी झाला, आयटीआय झाला, म्हणून त्याला ना नोंदीची सक्ती, ना विम्याची. आम्ही त्याला हट्टाने शिकवलं होतं. बाबांनी त्याच्या फीसाठी काजूची बाग गहाण टाकली होती. २०२४-२५ मध्ये बाहेरच्या भारतीयांनी देशात १३५ अब्ज डॉलर पाठवले म्हणून भाषणं होतात. त्यात माझ्या भावाचे महिन्याचे पैसे होते. पैसे आलेले मोजता येतात, आणि पाठवणारा माणूस कुठे झोपतो ते लिहून ठेवता येत नाही?

आणि तो तिकडे गेला का, तेही ऐका. आम्ही डिचोली तालुक्यातले. तो खाणीवर यंत्रं दुरुस्त करायचा. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लिजेस रद्द केल्या आणि १६ मार्चपासून काम थांबलं. कोर्टाशी माझं भांडण नाही. खाणींनी आमच्या शेतांचं काय केलं ते आम्ही पाहिलंय. पण त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला ‘खाणी लवकरच सुरू’ हे आम्ही ऐकलं. दारात उभे राहिलेले ट्रक गंजले, कर्जं गंजली नाहीत. त्याने सरकारी नोकरीसाठी अर्ज केले. एका मध्यस्थाने किती लाख लागतील ते आकडा सांगूनच टाकलं. २०२४ मध्ये नोकऱ्या देतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांना अटका झाल्या, तेव्हा आमच्या घरात कोणाला नवल वाटलं नाही. तो तोवर गल्फला पोचला होता. त्याला जायचं नव्हतं. मुलगी तेव्हा चालायलाही लागली नव्हती.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसं मेली. त्यातले २० तिथले कामगार होते. झारखंडचे, आसामचे, उत्तराखंडचे, नेपाळचे. बहुतेक जण तळघरात गुदमरले. ते आपल्या गोव्यात कामाला आलेले, जसा माझा भाऊ तिकडे गेलेला. तेव्हा मी बातमी वाचली, वाईट वाटलं, आणि पान उलटलं. आज मला कळतं की झारखंडच्या कुठल्यातरी घरात एक आई अशीच टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली असणार, आणि तिची भाषा न येणाऱ्या कोणाकडे तरी तिने गोव्यातला नंबर लावला असणार. पाहुणा कामगार मेला की त्याच्या माणसांना कोणी विचारत नाही, ही रीत आपण इथे मोडली नाही, तर बाहेरच्या देशात आपल्यासाठी ती कोण मोडणार? हडफड्यानंतर परवाने, पाडकामाच्या नोटिसा, कोणी कोणाला पाठीशी घातलं यावर रान उठलं, आणि ते उठायलाच हवं होतं. बातमी कळवायची पद्धत कशी असावी यावर एक शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. रात्री-अपरात्री कोकणी-मराठीत बोलणारा माणूस फोनवर असावा आणि एका कुटुंबाला शेवटपर्यंत तोच एक माणूस असावा. नुसत्या नावावरून ‘जिवंत आहे’ किंवा ‘नाही’ असं कोणालाही कधीही सांगू नये. जन्मतारीख आणि वडिलांचं नाव जुळल्याशिवाय तोंड उघडू नये. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाची, शिकलेल्याचीसुद्धा, राहत्या पत्त्यासकट नोंद पंचायतीत व्हावी आणि दर वर्षी ती तपासली जावी. पंचायतीत म्हणते आहे, कारण आमच्या पंच सदस्याला माझा भाऊ कुठल्या मजल्यावर राहतो हे माहीत होतं. तुमच्या खात्याला नव्हतं.

आणि ते निवेदन. येत्या अधिवेशनात उभं राहून ते दुरुस्त करा. ‘सर्व कुटुंबांशी’ हे शब्द कामकाजातून आणि पेपरातून मागे घ्या. कोणाला कधी फोन केला याची नोंद असेल तर ती पटलावर ठेवा; आमच्या तिन्ही मोबाइलची त्या दिवसांची कॉल यादी मी कंपनीकडून काढून घेतली आहे, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू. बाबांनी तुमच्या निवेदनाचं कात्रण कापून ठेवलंय. ते मला रोज विचारतात, ‘आमचा नंबर चुकीचा होता का गो?’ त्यांना वाटतं चूक आपल्याच घराची होती. त्यांना उत्तर मी देणार नाही, ते तुम्ही द्यायचं आहे, लेखी, तुमच्या सहीने.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक बहीण