वर्थच्या डोंगरावरची खाचरं

पूल, डॉर्सेट (इंग्लंड)
१४ ऑक्टोबर

ती. आबांना,
सा. न.

काल समुद्रकाठच्या वर्थ मॅट्रॅव्हर्स गावाला गेले होते. गावाखालून एक दरी थेट समुद्राला जाते. तिच्या दोन्ही अंगांना बघते तर काय, आपल्यासारखीच खाचरं, एकाखाली एक! भाताचं नाव नाही, नुसतं गवत नि मेंढरं. बांध माझ्या डोक्याएवढा उंच. पट्टीची रुंदी पावलांनी मोजली, बावीस भरली. इकडे याला स्ट्रिप लिंचेट म्हणतात.

मला वाटलं, कुदळीनं ताली घातल्या असतील. पण बरंचसं काम नांगराचं. उताराला आडवं नांगरत राहिलं की माती दरसाल थोडी खाली सरकते आणि पट्टीच्या कडेला साठून बांध होतो. 'माती खाली पळते' म्हणून तुम्ही ओरडता, तेच. यांचा नांगर जड, त्याला आठ-आठ बैल. एवढं लटांबर सारखं वळवणार कुठे? म्हणून पट्ट्या लांबच लांब.

खाणारी तोंडं वाढली, सपाटीची जमीन पुरेना, तेव्हा माणसं डोंगराला भिडली. मग १३४८ साली प्लेग आला, तोही मेलकम रेजिस बंदरातून, इथून गाडीनं तासाभरावर. माणसंच उरली नाहीत, तर उतार कोण कसणार? बऱ्याच ठिकाणी मेंढरं आली. नांगर थांबला म्हणून बांध राहिले.

अशा कितीतरी पट्ट्यांना आता १९७९ च्या कायद्यानं संरक्षण आहे, किल्ल्याला असावं तसं. परवानगीशिवाय खणायचं नाही, सपाट करायचं नाही, धातू शोधायचं यंत्रसुद्धा फिरवायचं नाही. मेंढरं चारली तर चालतं. मला आधी हसू आलं. आपला बांध दर पावसाळ्यात फुटतो, तुम्ही चिखलात उभे राहून तो घालता. त्याला कुठला आलाय कायदा! इथले बांध घालणारं कुणी उरलं नाही, म्हणून सरकार राखण करतं.

दादा दिवाळीनंतर वरची तीन खाचरं जेसीबीनं एक करणार, असं आई म्हणाली. त्याचंही खरं आहे, ट्रॅक्टर तिथे वळत नाही. मी अडवत नाही. फक्त त्याआधी समोरच्या टेकाडावरून फोटो काढायला सांगा, तेही ऊन कलल्यावर. काल दोन वाजता मला डोंगर सपाट वाटला होता. साडेपाचला सावल्या पडल्या आणि एकेक बांध मोजता आला.

तुमची,
सुमी